डोळा ६/६ आला, मग चहा कपाबाहेर का सांडतोय? (ऑप्टिक न्यूरायटिस)

करडई
नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचक होते, आज धागा काढायची वेळ आली.

मी जिंतूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. जानेवारीत, ऐन संक्रांतीच्या वाणाच्या गडबडीत, डावा डोळा दुखायला लागला. नजर इकडून तिकडं फिरवली की डोळ्याच्या मागून कुणीतरी दोरी ओढतंय असं व्हायचं. दोन दिवसांनी मधोमध धुरकट डाग आला. उजवा डोळा झाकून पाहिलं तर कोयरीतलं कुंकू विटकरी दिसलं. आधी वाटलं कुंकूच जुनं असेल, म्हणून नवी पुडी फोडली. तीही विटकरीच.

चष्मेवाल्यानं नंबर काढून दिला, ते बाराशे रुपये पाण्यात गेले. मग एका डॉक्टरांनी डोळ्यात दुर्बीण घालून पाहिलं आणि "आत सगळं स्वच्छ आहे, ताण घेऊ नका" म्हणून ताकदीच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या ठिकाणी एका बाईंनी अंधाऱ्या खोलीत बॅटरी या डोळ्यावरून त्या डोळ्यावर फिरवली, दोन मिनिटं गप्प राहिल्या आणि एमआरआय लिहून दिला. ऑप्टिक न्यूरायटिस, म्हणजे डोळ्याच्या नसेला सूज. तीन दिवस सलाइनमधून स्टिरॉइड, पुढं अकरा दिवस गोळ्या. मेंदूच्या एमआरआयमध्ये डाग नाहीत.

आता एप्रिल उजाडलाय. तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, ६/६. पण चहा ओतताना धार कपाच्या कडेवर पडते. रस्ता ओलांडताना मोटारसायकल लांब आहे म्हणून पाऊल टाकावं तर ती अंगावर आलेली असते. पोरांनी चेंडू टाकला की माझे हात उशिरा मिटतात. आणि खिचडी शिजते त्या शेडमध्ये दहा मिनिटं उभी राहिले की डाव्या डोळ्यापुढं धूर येतो, जो बाकी कुणालाच दिसत नाही.

घरी सांगितलं तर, "तक्ता वाचला ना? मग आता मनाचे खेळ." खरंच असं असेल का? की नसेच्या सुजेनं मेंदूच्या कामातही काही फरक पडतो?

खवचट खारी
चहा कपाबाहेर सांडणं हा आजार असेल तर आमच्या ऑफिसातल्या मामांना घेऊन जा आधी. (हलकंच घ्या.) बाकी काळजी घ्या ताई.

दुधनाकाठ
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. डोळा म्हणजे कॅमेरा. कॅमेरा दुरुस्त झाला, फोटो साफ आला, विषय संपला. आजारपणानंतर माणूस स्वतःकडं जरा जास्तच बघायला लागतो. माझ्या बायपासनंतर सहा महिने मी दिवसातून चाळीसदा नाडी मोजायचो.

सुईदोरा
दुधनाकाठ, कॅमेरा नाही हो, केबल बिघडली होती त्यांची.

डोळ्याची बातमी मेंदूत किती वेळात पोचते ते मोजणारी एक तपासणी असते, व्हीईपी. मी संभाजीनगरात तीच करते, रोज चार-पाच. करडईताई, तुमची व्हीईपी झाली का? नसेल तर डॉक्टरांना विचारा. काहीही टोचत नाहीत. पडद्यासमोर बसवतात, पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन असतात आणि ते सेकंदाला दोनदा अदलाबदल करतात, काळ्याचा पांढरा, पांढऱ्याचा काळा. डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथं हाताला उंचवटा लागतो त्याच्या जरा वर, पेस्ट लावून वायर चिकटवतो. (कृपा करून खोबरेल लावून येऊ नका. निम्मी सकाळ माझी लोकांची डोकी पुसण्यात जाते.) एक डोळा झाकायचा, दुसऱ्यानं मधल्या ठिपक्याकडं बघायचं. मेंदूत दुसराही बराच गलबला चालू असतो, त्यामुळं एका वेळी काही उमगत नाही. शंभरेक वेळा मोजून सरासरी काढली की एक टेकडी वर येते. चौकोन बदलल्यापासून सुमारे १०० मिलिसेकंदांनी येते म्हणून तिचं नाव पी-१००.

नसेला सूज येऊन गेलेल्यांची टेकडी तशीच असते, पण उशिरा येते. ११५, १२५, कधी १४०. आणि गंमत अशी की नजर ६/६ झाली तरी ती बहुतेकदा उशिराच येत राहते. १९७२ साली लंडनच्या हॅलिडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे 'लॅन्सेट'मध्ये छापलं, तेव्हापासून ही तपासणी रुळली. तेव्हा तुमच्या मेंदूला डाव्या डोळ्याची बातमी मिळते, पण शिळी. हे मनाचे खेळ नाहीत, कागदावर काढून दाखवता येतं.

काळी माती
म्हणजे क्रॉसिंगला थांबवलेली पॅसेंजर. पोचते, पण लग्न लागून गेल्यावर.

मांजराकाठ
लातूरचा, सध्या मुंबईत रेडिओलॉजी शिकतोय. सुईदोरा यांना पूर्ण +१, थोडी भर घालतो.

"नसेची सूज मेंदूवर परिणाम करते का" हा प्रश्नच थोडा फसवा आहे. हातापायाच्या नसा वेगळ्या आणि ही वेगळी. ही मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहे. मेंदूभोवती जी तीन आवरणं, तीच हिच्याभोवती, आणि तारांवरचं वेष्टण बनवणाऱ्या पेशीही मेंदूतल्याच जातीच्या. ओसरीला आग लागली तर घराला झळ लागेल का, असं विचारण्यासारखं आहे ते. ओसरी घराचीच की ओ.

एका नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. सुजेत त्यांच्यावरचं मायलिन नावाचं वेष्टण सोलून निघतं. वेष्टण असलेल्या तंतूत संदेश उड्या मारत जातो, सोललेल्या जागी तो रांगतो किंवा अडकतोच. सूज ओसरली की अडकलेले बरेचसे परत चालू होतात, वेष्टणही काही प्रमाणात परत चढतं, पण पातळ. काही तंतू मात्र कायमचे जातात. शिवाय दोन्ही नसा मेंदूच्या तळाशी एकमेकींना भेटतात आणि निम्मेअधिक तंतू पलीकडं जातात. म्हणजे डाव्या डोळ्याची शिळी बातमी मेंदूच्या दोन्ही अर्ध्यांत पोचते.

आता मेंदूच्या कामाचं. फंक्शनल एमआरआयमध्ये मेंदूचा कुठला भाग काम करताना जास्त रक्त ओढतो ते दिसतं. सूज ताजी असताना त्या डोळ्याला चित्र दाखवलं तर डोक्यामागचा, पाहण्याचा मूळ भाग कमी उजळतो. ते अपेक्षितच आहे, बातमीच कमी येते. पण २००० साली लंडनच्या एका गटानं बरे झालेले रुग्ण तपासले. बऱ्या डोळ्यानं बघताना मागचाच भाग उजळला. आजारी पडून गेलेल्या डोळ्यानं बघताना त्याशिवाय बाजूचे, वरचे, आतले, एरवी अशा साध्या चित्राला ढुंकूनही न बघणारे भागही उजळले. आणि ज्याची पी-१०० जितकी उशिरा, त्याच्या मेंदूत हा पसारा तितका मोठा.

दुधनाकाठ
किती रुग्ण होते त्यात?

मांजराकाठ
मोजकेच. बोटांवर मोजण्याइतके. बरोबर जागी बोट ठेवलंत काका.

दुधनाकाठ
मग? चार माणसांच्या डोक्यात चार दिवे लागले म्हणून सिद्धांत? आणि जास्त दिवे लागले म्हणजे मेंदू सावरतोय कशावरून? आमच्या आळीत व्होल्टेज बिघडलं की नको तिथले दिवे पण लागतात.

मांजराकाठ
हाच वाद तज्ज्ञांतही झाला. ते उजळणं म्हणजे भरपाई की नुसता गोंधळ? नंतर, २०१० च्या सुमारास, लंडनमध्येच रुग्णांना आजाराच्या पहिल्या दिवसांपासून वर्षभर पाठपुरावा करून तपासलं. वस्तूंचे आकार ओळखणारा जो भाग मागच्या बाजूला कडेला असतो, तो सुरुवातीलाच ज्यांच्यात जास्त जागा होता त्यांची नजर वर्षानं जास्त चांगली आली. नसेचं नुकसान किती झालं ते हिशेबात धरूनही. म्हणजे निदान त्या भागाचं उजळणं कामाचं दिसतंय. बाकीच्या दिव्यांबद्दल तुमचं व्होल्टेज मी खोडून काढत नाही.

चिंचेखालचा मास्तर
मी भौतिकशास्त्राचा निवृत्त मास्तर, सेलूचा. मेंदूचं मला कळत नाही, पण चहाच्या धारेचं कळतं.

घरी करा. एक नट किंवा लिंबू हातभर दोऱ्याला बांधून चौकटीला टांगा. तीन पावलं मागं उभं राहून त्याला डावी-उजवी झोका द्या, अगदी सरळ रेषेत. दोन्ही डोळ्यांनी बघा, सरळ दिसेल. आता एका डोळ्यासमोर गॉगलची एकच काच धरा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून बघा. लिंबू सरळ जायचं सोडून गोल फिरायला लागेल, तुमच्याकडं येतंय, लांब जातंय. काच दुसऱ्या डोळ्यावर धरा, उलटं फिरेल.

कारण सोपं. उजेड कमी झाला की डोळ्याचा पडदा संदेश जरा उशिरा पाठवतो. एका डोळ्याला लिंबू आत्ता जिथं आहे तिथं दिसतं, दुसऱ्याला मघाशी होतं तिथं. दोन डोळ्यांना दोन जागी दिसलेली वस्तू जोडून मेंदू खोली ठरवतो, म्हणून तो फसतो. कार्ल पुलफ्रिख नावाच्या जर्मन माणसानं हे १९२२ साली मांडलं. आणि दैव बघा, त्याला स्वतःला एकाच डोळ्यानं दिसायचं. स्वतःच्या नावाची गंमत त्याला कधी बघता आली नाही.

करडईताईंच्या डोळ्यावर काच नाही, पण उशीर आहे. ताशी ६० नं आडवी जाणारी मोटारसायकल २० मिलिसेकंदांत ३३ सेंटिमीटर पुढं गेलेली असते. एक डोळा तिला दीड वीत मागं बघतोय. अंतर चुकणार नाही तर काय!

काळी माती
जगात जर्मनी, भारतात परभणी! शेवटी दोघांची गाठ पडलीच.

हुरडा
मास्तर, केलं! देवघरासमोर लिंबू टांगलं, बायकोचा गॉगल घेतला. खरंच गोल फिरूलालंय की ओ! आमची आई म्हणली कुणाची नजर उतरवूलालास. शेजारीण तेवढ्यात डोकावून गेली, आता बोलत नाही.

शब्दगंडा
थोडं अवांतर. 'नस' म्हटलं की निम्म्या लोकांना रक्तवाहिनी वाटते. 'शीर' म्हटलं तर आणखीच. आमच्या गावात दोन्हीला शीरच म्हणतात आणि 'शीर दबली' म्हणून मालीश करून देणारे आहेत. दृक्चेताशोथ असा छान शब्द आहे, तो का वापरत नाही आपण?

खवचट खारी
कारण तो उच्चारताना तोंडाच्या नसेला सूज येते.

सुईदोरा
शब्दगंडा, मुद्दा विनोदाचा नाही खरं तर. 'डोळ्याची शीर दबली' म्हणून कानशील चोळून घेत तीन आठवडे काढलेली मुलगी माझ्याकडं आली होती. शब्द कुठलाही वापरा, पण हे लक्षात ठेवा: डोळा फिरवताना दुखणं, त्याच डोळ्याची नजर काही दिवसांत उतरणं, आणि लाल रंग फिका पडणं. तिन्ही एकत्र आलं तर चष्म्याचं दुकान नाही, डॉक्टर. आणि डोळ्यात बघून काही दिसलं नाही म्हणजे काही नाही असंही नाही. तिघांपैकी दोघांत सूज मागं असते, पुढून सगळं स्वच्छच दिसतं. जुनं वचन आहे, रोग्यालाही काही दिसत नाही, वैद्यालाही काही दिसत नाही. म्हणून ती बॅटरी महत्त्वाची. बऱ्या डोळ्यावरून आजारी डोळ्यावर आणली की बाहुली लहान व्हायची ती मोठी होते.

एकशिवडी
माझ्या भाच्याचे टीबीचे औषध चालू असताना लाल-हिरवे ओळखू येईना. तेही हेच का?

मांजराकाठ
नाही, ते वेगळं. टीबीच्या गोळ्यांत इथॅम्ब्युटॉल असतं, त्यानं नसेला इजा होऊ शकते. ती सूज नव्हे, विषबाधेसारखं आहे. सहसा दोन्ही डोळ्यांत, न दुखता. गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, पण त्याच दिवशी केंद्रावर सांगायचं. बनावट दारूतलं मिथेनॉलही याच नसेवर घाव घालतं.

काळी माती
आणि असली दारू प्यायल्यावर बायकोला बघून दुसराच प्रकाश पडतो, तो वेगळा.

नळदुर्गकर
ताई, आमच्याकडं एक वैद्य डोळ्यात पानांचा रस घालतात. दोन थेंबांत मामांचा मोतीबिंदू

सुईदोरा
नको. कृपया नको. बुबुळ पांढरं झालेले दोघे मी स्वतः बघितलेत.

नळदुर्गकर
वाक्य तरी पुरं करू द्यायचं. मी म्हणत होतो, दोन थेंबांत मामांचा मोतीबिंदू राहिला आणि डोळा गेला.

सुईदोरा
:) माफी असावी.

गोदाकाठची सून
उन्हाचं कुणी बोललंच नाही. मला २०१९ साली उजव्या डोळ्याला झालं होतं. तेव्हापासून मे महिन्यात दुपारी बाहेर निघाले की त्या डोळ्यापुढं पातळ पडदा येतो. परत सूज आली म्हणून मी दोनदा रात्रीतून गाडी करून नांदेडला पळाले. दोन्ही वेळा पोचेपर्यंत साफ! दुसऱ्या वेळी डॉक्टर हसले आणि म्हणाले, याला नाव आहे, उथॉफ. १८९० साली त्या जर्मन डॉक्टरानं लिहून ठेवलंय, दमल्यावर नजर मंद होते म्हणून. मूळ कारण अंग तापणं हे नंतर कळलं.

त्यांनी सांगितलं ते असं: सोललेल्या तंतूत संदेश कसाबसा पुढं सरकत असतो. अंग अर्ध्या अंशानं तापलं तरी प्रत्येक ठिणगी आणखी आखूड होते आणि पुढच्या टप्प्याला पोचेनाशी होते. गार झालं की पुन्हा चालू. नवं नुकसान होत नाही. आमच्याकडं ४३ अंश म्हणजे रोजचंच. मी ओला पंचा मानेवर टाकते, मनगटं माठाच्या पाण्यात बुडवते. पाच-दहा मिनिटांत पडदा जातो. करडई, तुमची खिचडीची शेड म्हणजे हेच असणार. पण पडदा चोवीस तास हलला नाही तर मात्र थांबू नका.

दुधनाकाठ
हे पटलं. उन्हाचं कुणीही पटवावं मला.

एक वाचक
घाबरवायचं नाही, पण हे एमएसचं (मल्टिपल स्क्लेरोसिस, शरीर स्वतःच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंचं वेष्टण सोलतं तो आजार) पहिलं लक्षण असतं ना? मी वाचून रात्रभर झोपलो नाही.

मांजराकाठ
असू शकतं, नेहमी नसतं. अमेरिकेत १९९२ साली ४५७ रुग्णांची मोठी चाचणी छापून आली. त्यांनाच पुढं वर्षानुवर्षं तपासत गेले. १५ वर्षांनी हिशेब असा: सुरुवातीला मेंदूच्या एमआरआयमध्ये एकही डाग नसलेल्यांपैकी २५ टक्क्यांना एमएस झाला, डाग असलेल्यांपैकी ७२ टक्क्यांना. करडईताईंचा एमआरआय साफ आहे, म्हणजे चारातले तीन त्यांच्या बाजूला. हे आकडे तिकडचे, आपल्याकडं जसेच्या तसे लावू नका.

त्याच चाचणीतली दुसरी गोष्ट. सलाइनमधून स्टिरॉइड दिलं की नजर लवकर येते, पण वर्षानं बघितलं तर न दिलेल्यांचीही तितकीच आलेली असते. नुसत्या गोळ्या दिलेल्यांना मात्र दुखणं पुन्हा उलटण्याचं प्रमाण जास्त निघालं. त्यामुळं 'मागच्या वेळच्या गोळ्या उरल्यात, त्याच घेतो' हे करू नका.

भुईमूग
माझ्या मावशीचं लिहिते. तिला आधी बारा दिवस उचकी. जेवताना, झोपेत, सतत. सगळे म्हणायचे कोण एवढी आठवण काढतंय, माहेरच्या सगळ्यांना फोन करून झाले. नंतर उलट्या. पित्त म्हणून उपचार चालले. महिन्यानं एक डोळा, मग दुसरा, पंधरा दिवसांत दोन्ही. शेवटी रक्ताच्या एका तपासणीत कळलं, एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) नावाचा आजार. मेंदूतल्या पेशींवर पाणी आत-बाहेर करणारे दरवाजे असतात, तिचं शरीर त्या दरवाज्यांविरुद्धच लढत होतं. ही तपासणी २००४ नंतरची, त्याआधी असे बरेच रुग्ण एमएसमध्येच मोजायचे. उचकीचा आणि डोळ्याचा संबंध असतो हे आमच्या घरात कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. एका डोळ्यानं बोटं मोजता येतात आता. दुसऱ्यात उजेड आहे का एवढंच कळतं. औषध चालू आहे.

गोदाकाठची सून
भुईमूग, मावशींना नमस्कार सांगा.

शब्दगंडा
धाग्याच्या मूळ प्रश्नावर एक शंका. मेंदू इतका सावरून घेतो तर चेंडूचं का सावरत नाही?

मांजराकाठ
कारण तक्त्यावरची अक्षरं पळत नाहीत. स्थिर वस्तूची बातमी २० मिलिसेकंद उशिरा आली तरी बिघडत नाही, 'क' तिथंच बसलेला असतो. हलणाऱ्या वस्तूला वेळेवर बातमी लागते. तपासणी करून पाहिलंय, आकार ओळखणं चार महिन्यांत सुधारतं, हालचालीवरून ओळखायला सांगितलं की तोच डोळा मागं पडतो. म्हणून ६/६ हा खरा आकडा आहे, पण तो अर्ध्याच प्रश्नाचं उत्तर आहे. करड्या कागदावर करडी अक्षरं असलेला तक्ता दिला तरी फरक दिसेल.

चिंचेखालचा मास्तर
मग एक उपाय सुचतो. डावा डोळा उशिरा, तर उजव्यालाही थोडा उशीर करू या. उजव्यासमोर फिकी काळी काच. दोन्ही गाड्या सारख्याच लेट झाल्या की वेळापत्रक जुळलं.

सुईदोरा
मास्तर, हे खरंच काही ठिकाणी करतात, बऱ्या डोळ्याला रंगीत काच. पण काच किती गडद ते डॉक्टरांना ठरवू दे. आणि रस्त्यावर प्रयोग नको.

करडई
एवढे प्रतिसाद! आठ दिवस परीक्षेच्या पेपरांत होते.

व्हीईपी करून आले. उजवा १०१, डावा १२७. कागद घरात टेबलावर ठेवला, कुणी काही बोललं नाही. संध्याकाळी ह्यांनी न सांगता चहा ओतला.

खिचडीच्या शेडबाहेर आता माठ आणलाय, ओला रुमाल मानेवर. धूर येतो, जातो. भीती गेली.

आणि मास्तर, काल वर्गात नट टांगला. मला नुसत्या डोळ्यांनीच गोल फिरताना दिसला! गॉगलची एक काच उजव्या डोळ्यासमोर धरली. पहिली फार काळी होती, उलटाच फिरायला लागला. मग पोरीच्या जत्रेतल्या चष्म्याची फिकी काच धरली. हळूहळू चपटा झाला, आणि सरळ. अडीच महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी सरळ जाताना बघितलं. मी तिथंच उभी, काच डोळ्याला लावून. दुसरीतली एक पोर म्हणाली, "बाई, आम्हाला तर आधीपासून सरळच दिसूलालंय."

डॉक्टरांची तारीख सोमवारची आहे. चष्मेवाल्याच्या त्या बाराशेच्या फ्रेममध्येच काच बसवता येईल का विचारते.

हुरडा
आमचं लिंबू अजून टांगलेलंच आहे. शेजारणीनं पण एक टांगलंय.